घरी लेसर लावून फ्रोझन शोल्डर बरा होतो का? आधी काय तपासायचं, किती आणि कुठे लावायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई 54 वर्षांची, 9 वर्षांपासून मधुमेह. डावा खांदा 5 महिन्यांपासून दुखतोय. आता हात पाठीमागे जात नाही, ब्लाउज घालताना मदत लागते, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगितलाय. गाव संगमेश्वरच्या आतल्या भागात, त्यामुळे फिजिओथेरपीसाठी रोज रत्नागिरीला जाणं शक्य नाही. इंटरनेटवर 18 हजारांचं हातात धरायचं लेसर मशीन दिसलं. ते घेऊन घरीच उपचार केला तर चालेल का, आणि किती वेळ, कुठे लावायचं?

चालेल. पण लेसर दुखणं कमी करतो, आखडलेला सांधा मोकळा करत नाही. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण मशीनच्या जाहिरातीत अनेकदा याच्या उलट लिहिलेलं असतं. मशीन घरात आलं की घरच्यांना वाटतं उपचार सुरू झाला, आणि व्यायाम मागे पडतात. खांदा मोकळा होतो तो हालचालीने. लेसरने रात्रीचा ठणका कमी झाला, झोप लागली, तर माणूस ती हालचाल करायला तयार होतो. त्याचा खरा उपयोग हाच, आणि मधुमेह असलेल्या बाईला रात्रीची शांत झोप मिळणं ही लहान गोष्ट नाही.

मशीनचे पैसे भरण्याआधी एक तपासणी घरीच करा. आईला पाठ टेकून खुर्चीत बसवा. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून काटकोनात वाकवायला सांगा. त्यांनी स्वतः जोर लावायचा नाही, हात सैल सोडायचे. मग तुम्ही मनगटं धरून दोन्ही हात हळूहळू बाहेरच्या बाजूला वळवा, कोपर अंगापासून सुटू देऊ नका. उजवा हात 60-70 अंश सहज जाईल. डावा 20-30 अंशांवरच ठाम अडला आणि पुढे न्यायला गेल्यावर आई कळवळली, तर निदान बरोबर असण्याची शक्यता मोठी. फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्याने हात वळवला तरी तो वळत नाही, आणि सगळ्यात आधी व सगळ्यात जास्त हे बाहेर वळणंच जातं. उलट, तुम्ही वळवल्यावर हात पूर्ण जात असेल, पण आईला स्वतःला तो उचलता येत नसेल, तर दुखणं खांद्याभोवतीच्या स्नायूंच्या दोऱ्यांचं, म्हणजे रोटेटर कफचं असू शकतं. त्याचा उपचार वेगळा आहे.

एक्स-रे काढला नसेल तर काढून घ्या. फ्रोझन शोल्डरमध्ये तो बहुतेक वेळा साधाच येतो. तो काढायचा इतर कारणं वगळण्यासाठी: सांध्याची झीज, कॅल्शियमचा साठा, फिट किंवा विजेच्या धक्क्यानंतर मागच्या बाजूला निखळलेला सांधा. आपल्याकडे सांध्याचा क्षयरोगही विसरून चालत नाही. ताप, वजन घटणं, काखेत किंवा स्तनात गाठ, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, हाताला मुंग्या किंवा पकड ढिली पडणं, यातलं काहीही असेल तर लेसर बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. दुखणं डाव्या बाजूला आहे आणि मधुमेह आहे, म्हणून आणखी एक गोष्ट विचारून घ्या. चढ चढताना, पाण्याची घागर उचलताना खांदा-हात दुखतो, घाम फुटतो, आणि थांबल्यावर दुखणं जातं, असं होतं का? होत असेल तर आधी हृदयाची तपासणी करून घ्या. मधुमेहात हृदयाचं दुखणं छातीत न येता खांद्यात किंवा हातात येऊ शकतं.

आता खांद्यात नेमकं काय झालंय ते. सांध्याभोवती एक पातळ, सैल आवरण असतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. हात डोक्यावर न्यायचा तर खालच्या बाजूला त्याच्या घड्या मोकळ्या असाव्या लागतात. या आजारात आवरणाला आधी सूज येते, मग ते जाड होऊन आकसतं. साधारणपणे पहिले 2 ते 9 महिने दुखण्याचे, त्यानंतरचे 4 ते 12 महिने जखडलेपणाचे, आणि पुढे हळूहळू सुटण्याचे, असे टप्पे सांगितले जातात. हे आकडे माणसागणिक बदलतात. सर्वसाधारण लोकांत हा आजार 2 ते 5 टक्क्यांना होतो, मधुमेहींमध्ये त्याच्या कितीतरी पट, आणि त्यांच्यात तो रेंगाळतोही जास्त. तुमच्या आईचा पाचवा महिना चालू आहे आणि रात्रीचं दुखणं जोरात आहे, म्हणजे त्या अजून पहिल्या टप्प्यात आहेत किंवा पहिल्या-दुसऱ्या टप्प्याच्या मधोमध. लेसरचा उपयोग व्हायचा तर तो याच काळात होतो. दुखणं संपून नुसता जखडलेपणा उरलेल्या खांद्यावर लेसरसाठी 18 हजार घालवू नका, असं मी स्पष्ट सांगेन.

कमी शक्तीच्या लेसरचा उपयोग पहिल्यांदा लक्षात आला तो बुडापेस्टमध्ये. एन्द्रे मेस्टर हे डॉक्टर 1967 च्या सुमारास उंदरांवर रुबी लेसरचे प्रयोग करत होते, आणि लेसर दिलेल्या जागी भादरलेले केस लवकर उगवलेले त्यांना दिसले. आज याला फोटोबायोमॉड्युलेशन असंही नाव आहे. लाल आणि त्यापुढचा न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागांत, शोषला जातो, तिथल्या ऊर्जानिर्मितीवर आणि सुजेच्या रसायनांवर परिणाम करतो, असं आज मानलं जातं. शेकासारखी ऊब हा त्याचा हेतू नाही. बऱ्याच जणांना लावताना काहीच जाणवत नाही.

फ्रोझन शोल्डरवरचा नीट केलेला एक प्रयोग ग्रीसमधले संशोधक स्टेर्गियुलास यांनी 2008 साली प्रसिद्ध केला. त्यात 63 रुग्ण होते. निम्म्यांना खरा लेसर, निम्म्यांना बंद मशीन, आणि व्यायाम सगळ्यांनाच. 810 नॅनोमीटरचा, 60 मिलिवॉटचा लेसर, खांद्यावर 8 जागा, प्रत्येक जागी 30 सेकंद, आणि 8 आठवड्यांत 12 वेळा. खरा लेसर मिळालेल्यांचं दुखणं, रात्रीचंही, जास्त कमी झालं आणि रोजची कामं सोपी झाली. मात्र हात किती अंश वळतो यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2014 मधल्या आढाव्यानेही, व्यायामासोबत लेसर दिला तर नुसत्या व्यायामापेक्षा दुखणं आणि कामाची क्षमता यांत फायदा संभवतो असं म्हटलं, पण तो निष्कर्ष मुख्यतः याच एका छोट्या प्रयोगावर उभा आहे. पुरावा आहे, पण तो थोडा आहे. मशीन घेताना ही मर्यादा माहीत असलेली बरी.

मशीनकडे वळू. डबीवर तीन गोष्टी शोधा: तरंगलांबी किती नॅनोमीटर, शक्ती किती मिलिवॉट, आणि ती शक्ती एका डायोडची, म्हणजे प्रकाश देणाऱ्या एका बिंदूची, की सगळ्यांची मिळून. घरगुती मशीनमध्ये बरेचदा 650 नॅनोमीटरचे लाल डायोड पुष्कळ असतात आणि 808 नॅनोमीटरचे दोन-चार. लाल प्रकाश डोळ्यांना दिसतो, म्हणून मशीन जोरात चाललंय असं वाटतं, पण तो त्वचेच्या आसपासच बराचसा संपतो. खांद्याचं आवरण स्नायूच्या जाड थराखाली असतं. तिथपर्यंत काही पोहोचवायचं तर 780 ते 860 किंवा 904 नॅनोमीटरचा इन्फ्रारेड हवा, आणि तो दिसत नाही. नुसत्या 650 चं मशीन खांद्यासाठी घेऊ नका.

पुढचा हिशेब सोपा आहे आणि तो स्वतः करता आला पाहिजे. मात्रा ज्युलमध्ये मोजतात, आणि ज्युल म्हणजे वॉट गुणिले सेकंद. 808 चा डायोड खरोखर 200 मिलिवॉटचा असेल तर 20 सेकंदांत 4 ज्युल मिळतात. 100 मिलिवॉटचा असेल तर 40 सेकंद लागतात. 30 मिलिवॉटला सव्वादोन मिनिटं. आणि 5 मिलिवॉटला तेवढ्याच 4 ज्युलसाठी 13 मिनिटांहून जास्त, तेही एकाच जागी. म्हणजे अशा मशीनने 6 जागा करायला सव्वा तासाहून जास्त लागेल. 'रोज 10 मिनिटं खांद्यावर फिरवा' एवढंच सूचनापत्रकात लिहिलं असेल तर त्यातून मात्रा काहीच कळत नाही. पल्स मोड, म्हणजे प्रकाश सलग न येता तुटक तुटक येण्याची सोय, असेल तर हिशेबात सरासरी शक्ती धरायची, कमाल नव्हे. विकणाऱ्याला लेखी विचारा. त्याला उत्तर देता आलं नाही तर ते मशीन सोडून द्या, किंमत कितीही उतरवली तरी.

या उपचाराच्या जागतिक संघटनेने, म्हणजे वॉल्टने, 780 ते 860 नॅनोमीटरच्या लेसरसाठी खांद्याच्या दुखण्यात एका जागी किमान 4 ज्युलच्या आसपास मात्रा सुचवली आहे. ग्रीसच्या प्रयोगात ती 1.8 ज्युल होती. घरी मी प्रत्येक जागी 3 ते 4 ज्युल आणि एकूण 5-6 जागा एवढंच सांगतो. पहिले 3-4 आठवडे एक दिवसाआड. त्यानंतर दुखणं उतरलं असेल तर आठवड्यातून दोनदा. जास्त दिलं म्हणजे जास्त गुण येतो असं इथे नाही. एका मर्यादेपलीकडे परिणाम कमी होत जातो. काही जाणवत नाही म्हणून वेळ दुप्पट करायचा मोह सगळ्यांनाच होतो, तो आवरा.

जागा अशा. पुढच्या बाजूला गळपट्टीच्या हाडाच्या बाहेरच्या भागाखाली बोट ठेवलं की एक टणक उंचवटा लागतो. त्याच्या बाहेरच्या अंगाला एक जागा, आणि तिथून दोन बोटं खाली दुसरी. आवरणाचा हा पुढचा भाग सगळ्यात जास्त आकसतो, म्हणून तो चुकवू नका. तिसरी जागा खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली, बाहेरून. मागच्या बाजूला त्याच हाडाचा मागचा कोपरा चाचपा. त्याच्या दोन बोटं खाली आणि थोडं आत एक खोलगट जागा लागते. ती चौथी, आणि तिच्याखाली दोन बोटांवर पाचवी. मागच्या जागा आईला स्वतःला पोहोचणार नाहीत, तुम्हीच लावा. काखेतून लेसर देतात, पण ते दवाखान्यात करायचं काम आहे, घरी नको.

मशीनचं टोक त्वचेला काटकोनात टेकवून किंचित दाबून धरायचं. दाबल्याने तिथलं रक्त बाजूला सरतं आणि प्रकाश जास्त आत जातो. गोल गोल फिरवत बसू नका. त्वचा स्वच्छ आणि कोरडी हवी, आधी तेल, बाम, हळदीचा लेप काही नको. कपड्यावरून तर मुळीच नाही. गोंदण असेल तर ती जागा टाळा, कारण शाईत प्रकाश शोषला जाऊन चटका बसू शकतो. गडद त्वचेतही शोषण जास्त होतं, म्हणून पहिल्या दिवशी निम्म्या वेळेने सुरुवात करा आणि पुढच्या वेळी त्वचा पाहून पूर्ण वेळेवर जा.

डोळ्यांबाबत मी फार काटेकोर आहे. 5 ते 500 मिलिवॉटचे लेसर साधारणपणे धोक्यानुसार केलेल्या वर्गवारीत 3बी वर्गात येतात. 808 चा किरण दिसत नाही, त्यामुळे डोळा आपोआप मिटत नाही आणि आतला पडदा भाजला तरी त्या क्षणी कळत नाही. त्या तरंगलांबीसाठीचा चष्मा लेसर लावणाऱ्याने आणि आईने, दोघांनीही घालायचा. साधा गॉगल चालत नाही. आरसा, स्टीलची भांडी असलेल्या खोलीत बसू नका, आणि घरात लहान मूल असेल तर दार लावून घ्या. टोक त्वचेला टेकल्यावरच मशीन चालू करायचं, उचलण्याआधी बंद करायचं. 500 मिलिवॉटच्या वरचं चौथ्या वर्गाचं मशीन घरी आणूच नका. मानेच्या पुढच्या बाजूला थायरॉइडवर लेसर द्यायचा नाही. कर्करोग झालेला असेल किंवा शंका असेल तर नाही. उन्हाने अंगावर पुरळ येईल अशी औषधं, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन, चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

लेसर झाला की लगेच व्यायाम. मध्ये हवं तर टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी 10 मिनिटं ठेवा, पाणी किती गरम आहे ते तुम्ही स्वतः पाहून. आधी टेबलावर उजवा हात टेकून पुढे वाकायचं आणि डावा हात लोंबता सोडून अंगाच्या झोक्याने हलवायचा, मिनिटभर. मग उताणं झोपून, उजव्या हाताने डाव्या हाताला आधार देत तो डोक्याकडे न्यायचा. नंतर तिसरा, ज्याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो: उताणं झोपून कोपर अंगाशी, खाली टॉवेलची घडी, दोन्ही हातांत काठी किंवा लाटणं, आणि उजव्या हाताने ते ढकलत डावा हात बाहेर वळवायचा. ताण जाणवेल तिथे 15-20 सेकंद थांबायचं, असं 5-6 वेळा. भिंतीवर बोटांनी चढणं दोन-तीन आठवड्यांनी. पाठीमागे टॉवेल धरून ओढायचा व्यायाम अजून महिना-दोन महिने नको, दुखऱ्या टप्प्यात तो खांदा चिडवतो. दिवसातून एकदा अर्धा तास करण्यापेक्षा तीन-चारदा 5-7 मिनिटं बरी.

किती ताणायचं याचं माप असं: व्यायामाने वाढलेलं दुखणं अर्ध्या तासात खाली यायला हवं. त्या रात्री झोपमोड झाली तर तुम्ही जास्त केलंत. 2004 मध्ये नेदरलँड्समधल्या डिर्क्स आणि स्टीव्हन्स यांनी 77 रुग्णांवर केलेला अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. दुखण्याच्या मर्यादेत हळुवार हालचाल करणाऱ्यांपैकी 89 टक्क्यांचे खांदे दोन वर्षांत जवळजवळ पूर्ववत झाले, जोरात ताणून घेणाऱ्यांत हे प्रमाण 63 टक्के होतं. गावात कुणी 'एका झटक्यात मोकळा करून देतो' म्हणत असेल तर आईला त्याच्या हातात देऊ नका. मधुमेहात आणि वयामुळे हाडं ठिसूळ झालेली असतील तर अशा झटक्याने दंडाचं हाडही मोडतं.

झोपताना उजव्या कुशीवर, आणि डावा हात पुढे घेतलेल्या जाड उशीवर. उताणं झोपायचं असेल तर डाव्या दंडाखाली चादरीची घडी, म्हणजे कोपर मागे पडत नाही. लेसर सुरू होण्याआधीच हे आज रात्री करून पाहा.

साखरेचं आणि इंजेक्शनचं तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या आईच्या बाबतीत ते मशीनच्या वरचं आहे. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी गेल्या तीन महिन्यांत झाली नसेल तर करून घ्या. साखर सतत चढी राहिली तर खांद्याचं आवरण सुटायला वेळ लागतो, आणि दुसरा खांदाही धरण्याची शक्यता असतेच. सांध्यात दिलेलं स्टेरॉइड इंजेक्शन या दुखऱ्या टप्प्यात पहिले काही आठवडे दुखणं चांगलं कमी करतं, आणि त्याचा पुरावा लेसरच्या पुराव्यापेक्षा बराच भक्कम आहे. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, म्हणून लोक घाबरतात. आधी साखर आटोक्यात आणून, डॉक्टरांना गोळ्यांचं विचारून आणि आठवडाभर घरी ग्लुकोमीटरने तपासत राहून ते घेता येतं. ब्रिटनमध्ये 503 रुग्णांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन सांधा मोकळा करणं आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांची तुलना केली होती. वर्षाच्या शेवटी यातला कुठलाच मार्ग बाकीच्यांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. शस्त्रक्रियेची घाई नको असं मी म्हणतो ते यामुळे.

म्हणून खर्चाचा क्रम माझ्या मते असा असावा: आधी साखर आणि एक्स-रे, मग ऑर्थोपेडिक डॉक्टरांशी इंजेक्शनबद्दल बोलणं, मग रत्नागिरीला चार-पाच फेऱ्या करून व्यायाम नीट शिकून घेणं. यानंतर पैसे उरत असतील आणि मशीनच्या आकड्यांची लेखी उत्तरं मिळाली असतील तर लेसर घ्या. पहिल्या फेरीतच फिजिओथेरपिस्टकडून त्या पाच जागांवर पेनाने खुणा करून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काही ठिकाणी मशीन महिनाभर भाड्यानेही मिळतं, तेही विचारून पाहा.

सुरू करायच्या दिवशी एका वहीत तीन नोंदी करा: रात्री किती वेळा जाग आली, दुखणं शून्य ते दहापैकी किती, आणि पाठीमागे अंगठा कुठपर्यंत पोहोचला, म्हणजे नितंब, कंबर की त्याच्या वर. दर रविवारी हेच पुन्हा लिहा. पहिल्या दोन नोंदी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत सुधारायला हव्यात, तिसरीला महिने लागतात. 12 वेळा नीट मात्रेने लेसर देऊनही रात्रीची जाग तेवढीच राहिली, तर मशीन बंद करा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. इंजेक्शन तोपर्यंत झालं नसेल तर ते, किंवा सांध्यात सलाइन भरून आवरण आतून फुगवण्याचा उपाय, याबद्दल त्यांच्याशी बोला.